डोसचं उत्तर नेमकं कधी आणि कुठं राउंड करायचं? एनक्लेक्स दिलेल्यांनी जरा सांगा

नाईटड्यूटी_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक (त्यापुढची नर्सिंगची पदवी), आणि आता आठ वर्षं मेडिकल वॉर्ड. पुढच्या महिन्यात मुंबईला माझा एनक्लेक्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेचा, पेपर आहे. फार्मा जमतंय, केस स्टडी जमतायत, पण गणिताचं उत्तर टाइप करायचा प्रश्न आला की हात थांबतो. गणित येतंय. उत्तर कुठं तोडायचं तेच कळत नाही.

काल पहाटे चारला वॉर्ड शांत झाल्यावर हा सोडवायला घेतला:

मुलाचं वजन ४१ पौंड. अ‍ॅसिटामिनोफेन, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, १५ मिग्रॅ प्रति किलो. बाटलीवर लिहिलंय ५ मिलीत १६० मिग्रॅ. किती मिली द्याल? उत्तर एका दशांश स्थळापर्यंत.

२.२ नं भागून पौंडाचे किलो केले, १८.६३ आले. वजन आहे म्हणून सरळ १९ धरले. उत्तर ८.९. चूक. मग वजन तसंच ठेवलं, मिग्रॅ काढले, २७९.५ आले, त्याचे २८० केले. उत्तर ८.७५, म्हणजे ८.८. तेही चूक. ॲप म्हणतंय ८.७.

एकच मूल, एकच बाटली आणि तीन उत्तरं, त्यातली माझी दोन्ही चूक. आमच्या बॅचला कुणी हे नीट शिकवलंच नाही. एक मॅडम म्हणायच्या प्रत्येक पायरीला दोन दशांश ठेवा, दुसऱ्या म्हणायच्या शेवटी बघू. वॉर्डात इनचार्ज सिस्टर म्हणतात लहान मुलांचं कायम खाली करायचं. आता मी कुणाचं ऐकू? थेंब, पंप, गोळ्या, लहान मुलं, प्रत्येकाला वेगळा नियम आहे का?

पन्हाळ्याचा_वारा

८.७ बरोबर. शेवटी एकदाच राउंड. मधे हात लावायचा नाही.

ट्यूटर_गडहिंग्लज

सिस्टर, तुमच्या दोन्ही उत्तरांत पद्धत बरोबर आहे. चूक झाली ती मधेच तोडल्यामुळे. मी वीस वर्षं शिकवते आहे आणि अर्ध्या वर्गाचं इथंच अडतं.

आपल्याकडे लेखी पेपरात पायऱ्यांना गुण असतात. सूत्र लिहिलं, किंमती घातल्या, उत्तर पॉइंट एकनं इकडंतिकडं झालं तर तपासणारी व्यक्ती समजून घेते. त्यामुळं पायरी पायरीला सुटसुटीत आकडा करून पुढं जायची सवय लागते. कॉम्प्युटरला तुमच्या पायऱ्या दिसत नाहीत. त्याला चौकटीतला आकडा तेवढा दिसतो, आणि तो बरोबर असतो किंवा चूक.

मी मुलींना एक सवय लावते. पायऱ्या करूच नका, सगळं एका रेघेवर आणा. वर ४१ गुणिले १५ गुणिले ५. खाली २.२ गुणिले १६०. वरचा गुणाकार ३०७५, खालचा ३५२. भागाकार ८.७३५. आता पहिल्यांदा प्रश्नाकडं बघा: एक दशांश मागितलाय. ८.७. राउंड करायला मधे जागाच शिल्लक राहत नाही.

पायऱ्या केल्याशिवाय जमतच नसेल तर कॅल्क्युलेटरवर आलेला आकडा पुसू नका, त्याच्यावरच पुढचं बटण दाबा. कागदावर १८.६ लिहायचं आणि तेच परत टाइप करायचं, इथंच घात होतो.

नाईटड्यूटी_राजारामपुरी

मॅडम, एका रेघेवर करून बघितलं. ८.७३५ आलं. इतकं सोपं होतं? पण कॅल्क्युलेटर देतात का तिथं?

शिकागो_व्हाया_शाहूपुरी

देतात, स्क्रीनवरच असतो. स्वतःचा नेता येत नाही. लिहायला पुसता येणारा बोर्ड आणि पेन मिळतो. घरी सराव करताना मोबाईलचा कॅल्क्युलेटर वापरू नका, कॉम्प्युटरवरचा माउसनं चालवा. तो वेग वेगळा असतो.

मी दोन वर्षांपूर्वी दिली. एप्रिल २०२३ पासून नवीन पद्धतीचा पेपर आहे, कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. मागं जाऊन उत्तर बदलता येत नाही, त्यामुळं 'पुढे' दाबण्याआधी चौकट परत वाचायची. चौकटीत फक्त आकडा आणि दशांश चिन्ह टाइप होतं. मिली, मिग्रॅ लिहायला जाऊ नका.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: कुठं राउंड करायचं ते प्रश्नातच लिहिलेलं असतं. पूर्णांकात लिहा, किंवा एका दशांश स्थळापर्यंत लिहा. मला जे दोन-तीन आले त्या सगळ्यांत शेवटी ते वाक्य होतं. आपण आकड्यांच्या मागं इतके लागतो की ते वाक्यच वाचायचं राहतं. मी बोर्डवर आधी तेच लिहायचो, "१ दशांश", त्याला गोल करायचो, मग गणिताला हात.

मास्तर_कागल

मी नर्सिंगमधला नाही, हायस्कूलला गणित शिकवतो. मुलगी बीएस्सी नर्सिंगला आहे म्हणून हा धागा वाचतोय. ट्यूटर मॅडमांनी सांगितलं त्याला गणिताच्या बाजूनं एक जोड देतो.

समजा उत्तर आलं २.४४९ आणि एक दशांश हवाय. पुष्कळ मुलं काय करतात? आधी ९ बघून २.४५ करतात. मग ५ बघून २.५. दोन्ही पायऱ्या नियमानुसार वाटतात आणि उत्तर चुकतं. २.४४९ हे २.५ पेक्षा २.४ च्या जवळ आहे, त्यामुळं उत्तर २.४. जिथं तोडायचं त्याच्या लगतचा एकच अंक बघायचा. तो ५ किंवा त्याहून मोठा असेल तर वर, नाहीतर आहे तसं. त्याच्या पलीकडच्या अंकांना मत नाही.

मुलीच्या वहीत मला हीच चूक तीनदा सापडली. तिला म्हटलं, शेपटी एकाच घावात तोडायची, वीत वीत नाही.

पन्हाळ्याचा_वारा

मास्तर, शेपटीचं आवडलं. वहीवर लिहून ठेवतोय.

एनआयसीयू_सिस्टर

मी नवजात बाळांच्या आयसीयूत असते, जरा वेगळं बोलते. सगळे म्हणतायत शेवटी एकदा राउंड करा. कबूल. पण वर का खाली, ते गणितानं ठरवायचं की पेशंटकडं बघून?

डिगॉक्सिन ह्या हृदयाच्या औषधाचं लहान मुलांचं द्रव घ्या. एका मिलीत ५० मायक्रोग्रॅम. बाळ ३ किलो ३७० ग्रॅम. समजा ऑर्डर ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो. डोस १६.८५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.३३७ मिली. कुणी 'एक दशांश पुरे' म्हणून ०.३ दिलं तर १५ मायक्रोग्रॅम गेले. कुणी घाईत ०.४ ओढलं तर २० गेले, ऑर्डरपेक्षा तीन मायक्रोग्रॅमहून जास्त. मोठ्या माणसाच्या दहा मिलीच्या इंजेक्शनमध्ये पॉइंट एक मिली म्हणजे काहीच नाही. इथं तो डोसचा जवळजवळ तिसरा हिस्सा होतो.

म्हणून एक मिलीच्या आतलं सगळं आम्ही एक मिलीच्या सिरिंजमध्ये घेतो. तिच्यावर शंभर बारीक रेघा असतात, प्रत्येक रेघ ०.०१ ची. दोन मिलीच्या सिरिंजवर रेघ ०.१ ला, पाच मिलीच्या सिरिंजवर ०.२ ला. नवीन मुलगी आली की मी तिला पहिल्या दिवशी तिन्ही सिरिंजा हातात देते आणि म्हणते, ह्यात मला ०.३३ दाखव. पाच मिलीची ती उलटसुलट फिरवते, उजेडाकडं धरते, मग तिचं तिलाच कळतं.

आणि आमच्याकडं ०.३३७ चं ०.३३ च होतं. ०.३४ नाही. लहान बाळाला वर जायचं नाही, एवढा एकच नियम. आता परीक्षा काय म्हणते ते तुम्ही सांगा.

शिकागो_व्हाया_शाहूपुरी

सिस्टर, तुमचा वॉर्डचा नियम बरोबरच आहे. इथंही लहान मुलांना खाली करायचं असं धोरण काही हॉस्पिटलांत असतं. पण परीक्षेत "दोन दशांश स्थळांपर्यंत" एवढंच म्हटलं असेल तर नेहमीच्या गणिताप्रमाणं ०.३४. खाली करा असं प्रश्नात लिहिलं असेल तरच ०.३३.

एनआयसीयू_सिस्टर

मला हे पटायला जड जातं. हात एकदा वर जायला शिकला की वॉर्डात पण वर जातो.

ट्यूटर_गडहिंग्लज

तुमची काळजी मला समजते सिस्टर, आणि मी ती वर्गात सांगते सुद्धा. पण बघा, दोन्हींत तत्त्व एकच आहे: जिथं काम करतोय तिथला लेखी नियम पाळायचा. वॉर्डात तो वॉर्डच्या प्रोटोकॉलमध्ये असतो, परीक्षेत प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत. वॉर्डची सवय परीक्षेत नेली तर मार्क जातो. परीक्षेची सवय वॉर्डात आणली तर बाळाला जास्त जातं. म्हणून मी मुलींना दोन्ही उत्तरं लिहायला लावते, शेजारी शेजारी.

नाईटड्यूटी सिस्टर, तुमच्या इनचार्ज सिस्टरांचं बोलणं ह्यातलंच आहे. त्या चुकीचं सांगत नाहीत.

आणि प्रश्नानं काहीच सांगितलं नसेल, उदाहरणार्थ तुमच्या सरावाच्या पुस्तकात, तर साधारण रीत अशी: एक मिलीच्या वर असेल तर एक दशांश, एक मिलीच्या आत असेल तर दोन, थेंब नेहमी पूर्णांकात. ही रीत कुठून आली ते एनआयसीयू सिस्टरांच्या तीन सिरिंजांनी सांगितलंच. ज्या सिरिंजमध्ये ते औषध ओढणार तिच्यावर जेवढी रेघ आहे तेवढाच आकडा.

गुजरी_नाका

तुमच्या औषधांतलं मला काही कळत नाही, आमचं सोन्याचांदीचं दुकान. पण तोडायचं कधी ही गोष्ट आमच्याकडं रोजची आहे, म्हणून लिहितो.

वजन काट्यावर ग्रॅमच्या तिसऱ्या दशांशापर्यंत दिसतं. वडिलांची शिकवण अशी की वजन, घट, मजुरी, कर, सगळं जसं दिसतं तसं मांडायचं आणि बिलाच्या शेवटच्या ओळीत एकदाच रुपयाला आणायचं. मधे कुठंतरी 'चालतंय की' म्हटलं की संध्याकाळी हिशोब जुळत नाही.

आणि गंमत बघा, तोळाच घ्या. मूळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा. बारा मासे, माशाला आठ गुंजा. ग्रॅम आले आणि बाजारानं सरळ १० ग्रॅमला तोळा म्हणायला सुरुवात केली. आजीच्या काळची चिठ्ठी घेऊन कुणी आलं, "पाच तोळ्याच्या पाटल्या", तर आम्हाला आधी विचारावं लागतं, कुठला तोळा? एककच राउंड झालं की काय होतं त्याचा हा नमुना.

रंकाळा_चौपाटी

अवांतर: दादा, माझ्या आजीच्या पाटल्यांचा वाद आमच्या घरात अजून चालू आहे. ११.६६ चं आज कळलं. आईला दाखवतो.

मास्तर_कागल

ह्या धाग्यावर गुंज वाचून बरं वाटलं. पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी पाठ असणारी आमची शेवटची पिढी.

स्टाफ_कसबा_बावडा

एककावरून आठवलं. राउंडिंगच्या आधी एककात माणूस कसा पडतो ते सांगतो, कारण हे आमच्या घरात झालंय.

आपल्याकडं इन्सुलिनची व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिली असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. मामांची लाल संपली म्हणून मेडिकलमधून मिळाली ती नारिंगी आणली. मामांनी नेहमीसारखं २० च्या रेघेपर्यंत ओढलं. नारिंगी सिरिंजवर २० म्हणजे ०.२ मिली. त्यात ४० च्या इन्सुलिनचे आठच युनिट. चार दिवस साखर का चढतेय कुणाला कळेना. मी नाईट संपवून सकाळी गेलो आणि खिडकीत ठेवलेलं टोपण दिसलं.

तिथं राउंडिंग कितीही बरोबर केलं असतं तरी उपयोग नव्हता.

नाईटड्यूटी_राजारामपुरी

बापरे. हे मी उद्याच वॉर्डात सांगते, डिस्चार्जच्या वेळी नातेवाईकांना टोपण दाखवूनच सांगायला पाहिजे.

स्टाफ_कसबा_बावडा

दाखवाच. नुसतं सांगून भागत नाही. मामांना पण कुणीतरी सांगितलंच होतं.

लंडनची_पाव्हणी

इंग्लंडला यायचं असेल त्यांच्यासाठी. इथल्या एनएमसीच्या (नर्सेसची नोंदणी करणारी कौन्सिल) कॉम्प्युटर टेस्टमध्ये गणिताचा भाग वेगळाच असतो. १५ प्रश्न, ३० मिनिटं, आणि तो स्वतंत्र पास व्हावा लागतो. पौंड नसतात, सगळं किलोत, त्यामुळं २.२ ची कटकट नाही. पण ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम अशा उड्या भरपूर. मी एका सराव परीक्षेत मिलिग्रॅममध्ये उत्तर लिहिलं आणि चौकटीशेजारी मायक्रोग्रॅम लिहिलेलं होतं. तिथं राउंड बरोबर होतं, तीन शून्यं चुकली.

शून्यावरून अजून एक. ०.५ मधलं पुढचं शून्य कधी गाळायचं नाही आणि ५ च्या मागं पॉइंट शून्य लावायचं नाही. ".५" चा ठिपका फिकट झाला की ५ वाचतात, "५.०" चा ठिपका गेला की ५०. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये वापरू नये अशा लिखाणाची यादी केली, त्यात हे दोन्ही आहे.

एनआयसीयू_सिस्टर

ह्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. मी आधी एका दवाखान्यात होते तिथं केसपेपरवर "१.० मिग्रॅ" लिहिलेलं होतं आणि ठिपका नेमका कागदाच्या घडीवर. नवीन स्टाफनं १० वाचलं. तिनं अँप्युल मोजल्या, पाच फोडायला लागणार हे बघून ती थांबली आणि विचारायला आली म्हणून वाचलो. तेव्हापासून एका डोसला दोनपेक्षा जास्त अँप्युल लागतायत असं दिसलं की आमच्याकडं हात थांबतो आणि दुसरी सिस्टर येऊन ऑर्डर वाचते.

पन्हाळ्याचा_वारा

ड्रिपचं कुणी बोललंच नाही. हजार मिली आठ तासांत, २० थेंबांचा सेट (२० थेंबांत एक मिली). मिनिटाला ४१.६७ थेंब येतात. ४२ ना?

शिकागो_व्हाया_शाहूपुरी

४२. अर्धा थेंब पडत नाही, त्यामुळं थेंब कायम पूर्णांकात. फक्त इथं सेट १०, १५ किंवा २० चा असू शकतो, मायक्रो ६० चा. प्रश्नात दिलेला असतो, आपल्या सवयीनं २० धरू नका. तेच गणित १५ च्या सेटवर ३१.२५, म्हणजे ३१.

स्टाफ_कसबा_बावडा

आणि भावा, वॉर्डात ४२ कसे लावतो ते पण लिही की. घड्याळ बघून पंधरा सेकंद मोजतो, दहा-अकरा थेंब आले की रोलर सोडतो. पेशंटनं हात वाकवला की परत सगळं बदलतं. म्हणून तासाला बाटलीवरच्या पट्टीवर खूण बघायची.

नाईटड्यूटी_राजारामपुरी

गोळ्यांचं? सरावात एकदा १.६७ गोळ्या आल्या आणि मी २ लिहिलं.

ट्यूटर_गडहिंग्लज

तसं आलं की आधी गणित परत तपासा, बहुतेक वेळा एकक चुकलेलं असतं. गोळ्यांची उत्तरं साधारण १, दीड, दोन अशी सरळ येतात. अर्धी करायची तर गोळीवर मधे खाच पाहिजे. एन्टेरिक कोटेड (पोटात न विरघळता आतड्यात विरघळणारी) आणि हळूहळू सुटणारी गोळी तोडायची नाही, कॅप्सूल तर नाहीच.

आता सगळ्यांना एक गणित देते, बघू कोण कोण करतंय. पेशंट १६७ पौंड. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) १८ युनिट प्रति किलो प्रति तास. ५०० मिलीच्या बॅगेत २५,००० युनिट. पंप ताशी किती मिलीवर लावाल? उत्तर एका दशांश स्थळापर्यंत.

रंकाळा_चौपाटी

नर्सिंगचा न, पण ट्राय करतो. १६७ भागिले २.२, ७५.९, म्हणजे ७६ किलो. १३६८ युनिट. एका मिलीत ५०. उत्तर २७.३६, म्हणजे २७.४.

पन्हाळ्याचा_वारा

२७. पंप आहे.

मास्तर_कागल

रंकाळा, तू ७६ केलंस तिथंच शेपटी तुटली बघ.

लंडनची_पाव्हणी

वारा, पंप पूर्णांकातच असतो असं नाही. आमच्या इथं बरेचसे पंप पॉइंट एकपर्यंत घेतात. आणि मॅडमांनी एक दशांश मागितलाय, तू प्रश्नाची शेवटची ओळ सोडलीस.

नाईटड्यूटी_राजारामपुरी

आत्ता ड्यूटीवरून आले, चहा ठेवलाय आणि कागद घेऊन बसले.

आधी बोर्डवर लिहितात तसं "१ दशांश" लिहून गोल केला. वर १६७ गुणिले १८ गुणिले ५००. खाली २.२ गुणिले २५,०००. वर १५,०३,०००. खाली ५५,०००. भागाकार २७.३२७. लगतचा अंक २.

२७.३.

ट्यूटर_गडहिंग्लज

बरोबर. आता हेच तुमच्या इनचार्ज सिस्टरांना सोडवायला द्या, आणि एनआयसीयू सिस्टरांचं ०.३३७ पण. दोन्ही उत्तरं लिहून घ्या त्यांच्याकडून.

नाईटड्यूटी_राजारामपुरी

देते. आज परत नाईट आहे.